फॅसिलिटेशनची तालीम: रिसर्च इंटिग्रिटीचं पहिलं सेशन घ्यायच्या आधी

रिसर्च इंटिग्रिटीच्या, म्हणजे संशोधनातल्या सचोटीच्या, माझ्या पहिल्या सेशनला ५२ स्लाईड होत्या. ९० मिनिटं मी एकटीच बोलत होते, फॅब्रिकेशन (डेटा मनाने बनवणं) म्हणजे काय, फॉल्सिफिकेशन (डेटा फिरवणं) म्हणजे काय, प्लेजरिझम (दुसऱ्याचं काम आपलं म्हणून खपवणं) म्हणजे काय, आणि शेवटी "कुणाला काही विचारायचंय?" म्हटल्यावर मागच्या रांगेतून एकच प्रश्न आला, मॅडम सर्टिफिकेट कधी मिळणार. तेव्हा राग आला होता. आता वाटतं त्या मुलाचं काय चुकलं, दीड तासात मी त्याला डोकं चालवायची एक तरी संधी दिली होती का?

तर हे त्या लोकांसाठी लिहितेय ज्यांना आत्ताच कुणीतरी सांगितलंय की "तू आता रिसर्च इंटिग्रिटीचं ट्रेनिंग द्यायचंस". विषय तुम्हाला येत असणार, निदान वाचून तरी येईल. येत नसतं ते फॅसिलिटेशन, म्हणजे लोकांना बोलतं करणं, आणि ते पोहण्यासारखं आहे, वाचून येत नाही. त्याची तालीम करायला लागते, खऱ्या सेशनच्या आधी, चार ओळखीच्या माणसांसमोर, चुका करत. कशी ते सांगते.

सगळ्यात आधी: तुम्ही तिथे कशाला उभे आहात

शिकवणारा माहिती देतो. सूत्रसंचालक कार्यक्रम पुढे ढकलतो. फॅसिलिटेटर यातलं थोडं थोडं करतो पण त्याचं मुख्य काम वेगळंच असतं, समोरच्या बारा-पंधरा लोकांनी एकमेकांशी विचार करत बोलावं अशी जागा तयार करणं आणि मग त्या जागेत स्वतः कमीत कमी लुडबुड करणं. ऐकायला सोपं वाटतं, पण वर्षानुवर्षं लेक्चर घेतलेल्या माणसाला ते फार जड जातं. उत्तर जिभेच्या टोकावर आलेलं असतं ना.

तयारी म्हणून दोन कागद नक्की वाचून ठेवा. एक २०१० चं सिंगापूर स्टेटमेंट, रिसर्च इंटिग्रिटीवरचं छोटं निवेदन, ज्यात चार तत्त्वं आणि १४ जबाबदाऱ्या आहेत आणि जे चहा संपेपर्यंत वाचून होतं. दुसरी युरोपियन कोड ऑफ कंडक्ट, म्हणजे संशोधकांसाठीची आचारसंहिता, ही २०११ मध्ये आली, २०१७ ला बदलली आणि २०२३ मध्ये परत बदलली, तेव्हा जुनी पीडीएफ वापरत नाही ना ते बघा (मी स्वतः बरेच महिने २०१७ चीच वाटत होते). तिच्यातही चार तत्त्वं आहेत, भरवशाचं काम, प्रामाणिकपणा, आदर आणि उत्तरदायित्व. वाचा, आणि मग बॅगेत ठेवून द्या. सेशनमध्ये वाचून दाखवायला ते नाहीत. तत्त्वं सगळ्यांना मान्यच असतात हो, प्रामाणिकपणा वाईट असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. घोळ होतो तो रात्री अकरा वाजता गाईडचा मेसेज येतो की "ते दोन पॉइंट काढून टाक, ग्राफ नीट दिसेल" तेव्हा, आणि त्या मेसेजला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच कोडमध्ये लिहिलेलं नसतं. सेशन असतं ते त्या मेसेजसाठी.

पहिली पायरी: चार माणसं आणि चिठ्ठ्या

चार-पाच सहकारी पकडा. पाऊण तास पुरे. एकजण फॅसिलिटेट करेल, तिघं सहभागी होतील आणि एकजण नुसता बघत बसेल, आणि हा बघणारा अजिबात गाळू नका, तालमीतला अर्धा फायदा त्याच्यामुळेच होतो.

सहभागी होणाऱ्यांना चिठ्ठ्या द्या, फॅसिलिटेटरला न दाखवता. एका चिठ्ठीवर "विचारल्याशिवाय बोलायचं नाही", दुसरीवर "प्रत्येक प्रश्नाला पहिलं उत्तर तूच द्यायचं आणि लांबवायचं", तिसरीवर "हे सगळीकडे असंच चालतं, तुम्ही कुठल्या जगात राहता, असं म्हणत राहायचं". अजून एक माझी आवडती चिठ्ठी आहे, "नियम काय सांगतो तेवढं सांगा आणि मोकळं करा". ही चारही माणसं तुम्हाला खऱ्या सेशनमध्ये भेटणारच आहेत, त्यातला शेवटचा तर प्रत्येक वेळी.

बघणाऱ्याने मत द्यायचं नाही, मोजायचं. फॅसिलिटेटर एकूण किती मिनिटं बोलला, प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबला, कोण किती वेळा बोललं, कुणाचं वाक्य कुणी तोडलं. "छान झालं", "थोडं अजून कॉन्फिडन्ट वाटायला हवं होतं" असल्या शेऱ्यांचा काही उपयोग होत नाही. "तू ३० मिनिटांतली १९ मिनिटं बोललीस" या वाक्याचा होतो, माझ्यावर झाला होता, मला वाटत होतं मी पाच-सात मिनिटं बोलले असेन.

माणसं मिळतच नसतील तर फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं ही शिक्षाच आहे पण दोन वेळा ऐकलात तरी पुष्कळ सवयी आपोआप सुटतात.

दुसरी पायरी: गप्प बसण्याचा सराव

मेरी बड रो नावाच्या शिक्षणतज्ज्ञ होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातली रेकॉर्डिंग्ज ऐकून ऐकून एक गोष्ट दाखवून दिली, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलायला लागतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, त्यांत कारणं यायला लागतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. आता ही शाळेतल्या विज्ञानाच्या प्रश्नांची गोष्ट. आपण विचारतो "तुमच्या लॅबमध्ये नको तो डेटा गाळायचा दबाव कधी आला होता का", याला तीन सेकंद कुठे पुरणार. मी मनात दहापर्यंत मोजते, सावकाश.

पहिल्यांदा हे दहा सेकंद दहा मिनिटांसारखे वाटतात. कान गरम होतात, लोक खाली बघायला लागतात, आणि आपण घाबरून तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत विचारतो, म्हणजे ज्याचं उत्तर आत्ता तयार होत होतं त्याची तार तुटते. तर तालमीत एवढंच करा, एक प्रश्न विचारा आणि गप्प बसा, घड्याळ बघणाऱ्याच्या हातात. पाण्याचा घोट घ्यायची युक्ती चालते, तोंड आपोआप बंद राहतं. ऑनलाईन असेल तर अजून थांबा, कारण तिथे म्यूट काढायलाच चार सेकंद जातात आणि दोघं एकदम बोलले की दोघंही "नाही नाही तुम्ही बोला" करतात.

तरीही कुणी बोललं नाही तर? तर आधी दोन मिनिटं कागदावर लिहायला सांगा, मग शेजारच्याशी बोलायला, मग सगळ्यांसमोर. ही थिंक-पेअर-शेअर पद्धत १९८१ मध्ये फ्रँक लायमन यांनी मांडली आणि आजही तिच्याइतकं भरवशाचं काही नाही. लाजाळू माणसाला स्वतःचं मत मांडण्यापेक्षा "आम्ही दोघं बोलत होतो त्यात असं आलं" म्हणणं सोपं जातं.

तिसरी पायरी: प्रश्न आणि मानेची हालचाल

आपल्या भाषेत "का" हा शब्द आरोपासारखा लागतो. "तू तो डेटा का गाळलास?" हे वाक्य कितीही गोड आवाजात म्हणा, समोरचा वकील होऊन बसतो. त्याऐवजी "तेव्हा काय काय चाललं होतं?", "तुला तेव्हा कशाची काळजी वाटत होती?", "अजून कुठले रस्ते दिसत होते?" असं विचारून बघा. तालमीत मुद्दाम १५ मिनिटं "का" वर बंदी घाला आणि कुणी वापरला की बघणाऱ्याने टेबलावर टकटक करायचं, पहिल्या वेळी नुसता टकटकाटच होतो.

दुसरा खोटा प्रश्न म्हणजे "आपल्याला असं नाही का वाटत की...". हा प्रश्नच नाही, हे तुमचं मत आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह चिकटवलंय, आणि रिसर्चमधली माणसं चिकित्सक असतात, त्यांना ते लगेच कळतं.

आणि "बरोबर!" म्हणणं. हे मला सोडायला दोन वर्षं लागली. कुणीतरी म्हणतं "अशा वेळी डेटा गाळायचा नाही", तुम्ही म्हणता "अगदी बरोबर", आणि झालं, आता खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की इथे बरोबर उत्तरं आहेत आणि ती मॅडमकडे आहेत, पुढचा तासभर सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघून बोलणार. शब्द टाळले तरी मान हलतेच. एकदा व्हिडिओ बघितला स्वतःचा, पटणारं उत्तर आलं की मी इतकी जोरात मान डोलावत होते की गाण्याच्या मैफलीत बसल्यासारखी दिसत होते, आणि न पटणारं आलं की मार्कर उचलून बोर्डाकडे वळत होते. त्यामुळे आता मी दोन्ही वेळा तेच करते, जे ऐकलं ते थोडक्यात परत म्हणते, "म्हणजे तुझ्या दृष्टीने वेळेत सबमिट होणं जास्त महत्त्वाचं होतं, बरोबर समजले का मी?" एवढंच. यात माझं मत कुठेच येत नाही पण त्या माणसाला आपलं ऐकलं गेलं असं वाटतं.

चौथी पायरी: केस निवडणं

नवा ट्रेनर हमखास मोठा घोटाळा उचलतो. डीडेरिक स्टापेल घ्या, टिलबर्ग विद्यापीठातले समाजमानसशास्त्रज्ञ, २०११ मध्ये उघड झालं की वर्षानुवर्षं डेटा घरी बसून बनवत होते, ५८ पेपर मागे घेतले गेले. गोष्ट जबरदस्त आहे, लोक श्वास रोखून ऐकतात, आणि मग निवांत होतात, कारण प्रत्येकाच्या मनात एकच येतं, मी काही असला माणूस नाही. संपली चर्चा.

२००९ साली डॅनिएले फनेली यांनी प्लॉस वन मध्ये बऱ्याच सर्व्हेंचा एकत्र हिशेब मांडला होता. डेटा बनवल्याची किंवा फिरवल्याची एकदा तरी कबुली देणारे साधारण २ टक्के निघाले, पण इतर शंकास्पद गोष्टी केल्याचं मान्य करणारे काही सर्व्हेंमध्ये ३३.७ टक्क्यांपर्यंत गेले. तुमच्या खोलीतली माणसं या दुसऱ्या आकड्याजवळची असतात, तुम्ही आणि मी धरून. म्हणून केस तिथलीच घ्या. न बसणारे पॉइंट, मनासारखा निकाल येईपर्यंत केलेली अ‍ॅनालिसिस, पेपरवर घातलेलं किंवा गाळलेलं नाव, ओळखीच्या माणसाच्या पेपरचं रिव्ह्यू. घोटाळ्याची गोष्ट सांगायचीच तर सुरुवातीला दोन मिनिटांत उरका.

पाचवी पायरी: एक डायलेमा (कोंडीचा प्रसंग) पूर्ण चालवून बघा

हा भाग निवांत वाचा, कारण खरी तालीम हीच.

युरोपातल्या व्हर्च्यू नावाच्या ट्रेनर तयार करणाऱ्या कार्यक्रमात पाच व्यायाम आहेत, त्यातला एक डायलेमा मेथडचा बदललेला प्रकार. मला तो सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात अवघडही तोच. ढोबळमानाने असं चालतं: कुणीतरी स्वतःवर आलेला प्रसंग सांगतो, नेमका अडकलेला क्षण पकडायचा, मग तो दोन बाजूंत मांडायचा, "अ केलं तर हे नुकसान, ब केलं तर ते नुकसान". मग फक्त माहितीचे प्रश्न. मग प्रत्येकाने स्वतःला त्या जागी ठेवायचं, त्या प्रसंगातल्या एकेका माणसासाठी काय मोलाचं आहे आणि त्यातून त्याने कसं वागायला हवं ते मांडायचं, वेगळे रस्ते शोधायचे आणि सगळ्यात शेवटी आपण काय केलं असतं ते सांगून एकमेकांची उत्तरं ताडून बघायची.

तालमीसाठी आम्ही घेतलेली केस सांगते. पीएचडी करणाऱ्या मुलीचा पहिला पेपर तयार आहे, उद्या सबमिट करायचाय. संध्याकाळी गाईड म्हणतात शेजारच्या लॅबच्या प्रमुखांचं नाव घाल, त्यांचं मशीन वापरलं ना आपण. मशीन वापरलंय हे खरं. पण त्या प्रमुखांनी पेपर उघडूनही बघितलेला नाही.

फॅसिलिटेट करत होती माझी एक सहकारी, तिची दुसरीच वेळ, आणि बघणारी मी. केस सांगून संपली नाही तोवर "नियम सांगा" ची चिठ्ठी मिळालेला बोलला, "यात चर्चा कसली? लेखक कुणाला म्हणायचं याच्या आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या समितीच्या, चार अटी आहेत, कामात भरीव वाटा हवा, लिहिण्यात किंवा चिकित्सक तपासण्यात भाग हवा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी हवी आणि जबाबदारी घेण्याची तयारी हवी. चारही लागतात. मशीन दिलं म्हणजे आभारात नाव. विषय संपला."

आणि तो बरोबर होता की. ती "बरोबर" म्हणणार हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, मी कागदावर खूण करायला पेनही टेकवलं. ती थांबली. मग म्हणाली, "ठीक. आता तूच ती मुलगी आहेस. सात वाजलेत, लॅबमध्ये तुम्ही दोघंच, गाईड दारात उभे आहेत, हातात बॅग आहे, निघायची घाई आहे. तुझं पहिलं वाक्य काय?"

तो काहीच बोलला नाही. मी मोजले, ११ सेकंद. मग हसला आणि म्हणाला, "मी बहुतेक 'हो सर' म्हणेन."

पुढे तिने जे केलं ते मला नंतर कधी इतकं छान जमलं नाही. तिने त्याचं कौतुक केलं नाही, "प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल थँक्यू" वगैरे काही नाही, ती दुसऱ्याकडे वळली आणि विचारलं, "हो सर म्हणताना ती मुलगी काय जपतेय?" मग भराभर आलं, गाईडशी नातं, पुढच्या तीन वर्षांची शांतता, त्या मशीनची पुढची वेळ मिळणं, आणि एकजण म्हणाली, कृतज्ञता पण, त्या प्रमुखांनी खरंच मदत केली होती ना. आणि "नाही सर" म्हणताना? प्रामाणिकपणा, वाचणाऱ्यांची फसवणूक न होणं, आणि ज्यांनी खरंच राबून पेपर केला त्यांच्याशी न्याय. नियमाचं उत्तर २० सेकंदांत देऊन झालं होतं, आणि तरी ही चर्चा ४० मिनिटं चालली, चिठ्ठ्या विसरून.

यात दोन खड्डे आहेत. एक, माहितीच्या प्रश्नांच्या वेळी लोक सल्ला घुसवतात. "तिने सरळ ईमेल का नाही केला?" हा प्रश्न नाही, सल्ला आहे, त्याला हळूच बाजूला ठेवायचं, "हे आपण पुढे रस्ते शोधताना घेऊ" म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि मग खरंच घ्यायचं, नाहीतर त्या कोपऱ्यावरचा विश्वास उडतो. दुसरा खड्डा तिसऱ्या पर्यायाचा. "आभारात घालूया की, दोघंही खूश" असं कुणीतरी पाचव्या मिनिटाला म्हणतं आणि सगळे सुटल्यासारखे मागे टेकतात. पर्याय चांगला असतो, पण इतक्या लवकर आला की अडचण नेमकी कुठे टोचतेय ते बघायचं राहून जातं. म्हणून अ आणि ब वर लोकांना थोडा वेळ अडकवून ठेवा, जरा कठोर झालात तरी चालेल.

पहिल्या तालमीत सगळे टप्पे होणार नाहीत, नुकसान मांडण्यापर्यंत पोचलात तरी पुरे. पूर्ण करायला दीड तास धरा.

बाकीचे व्यायाम, थोडक्यात

रॉटरडॅमच्या इरास्मस विद्यापीठाचा डायलेमा गेम नव्या माणसाला सगळ्यात सोपा. एक प्रसंग, चार पर्याय, प्रत्येकाने आपलं कार्ड निवडायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटं करायचं. हे एकदम उलटं करणं फार महत्त्वाचं आहे, एकेकाला विचारत गेलात तर प्रोफेसरने जे म्हटलं तेच पुढचे सहाजण म्हणतात. कार्डं नसली तर बोटं वर करा, एक ते चार, एकाच वेळी. त्याचं अ‍ॅपही आहे. पण कार्डं दाखवून झाली की गेम संपला असं समजू नका, खेळ तिथून सुरू होतो, ज्याचं कार्ड एकटं पडलंय त्याच्यापासून सुरू करा, आणि आधी त्याला विचारा बोलायला आवडेल का.

वाद आणि संवाद हा अजून एक. एकाच विषयावर आधी पाच मिनिटं वाद घालायचा, जिंकायचंच अशा ईर्ष्येने, मग तोच विषय संवादाच्या पद्धतीने, म्हणजे समोरच्याचं समजून घ्यायला प्रश्न विचारत. "वादे वादे जायते तत्त्वबोधः" आपण लहानपणापासून ऐकतो, पण या व्यायामात दिसतं ते वेगळंच, वादात लोक टेबलावर पुढे झुकतात, समोरचा बोलत असताना आपलं पुढचं वाक्य जुळवत असतात, बोध वगैरे काही होत नाही. संवादात आवाज खाली येतो, मध्ये मध्ये थांबे येतात. नंतर "तुमच्या अंगात काय फरक पडला?" विचारा. हा व्यायाम दिवसाच्या सुरुवातीला घेतला तर पुढच्या सगळ्या चर्चांना त्याचा उपयोग होतो, कुणी तापलं की "आता आपण वादात आहोत का?" एवढंच म्हणायचं.

मध्यबिंदूचा व्यायाम अ‍ॅरिस्टॉटलच्या विचारावर उभा आहे, धैर्य हे भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्यामध्ये कुठेतरी असतं. सहकाऱ्याच्या डेटात काहीतरी संशयास्पद दिसलं, तर एका टोकाला डोळे मिटून घेणं, दुसऱ्या टोकाला सगळ्यांना मेल टाकून त्याच्यावर आरोप करणं, मधलं काय? फॅसिलिटेट करताना इथे एकच काळजी घ्या, सगळ्यांना एकाच मध्यबिंदूवर आणायचा हट्ट धरू नका. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं धैर्य आणि विभागप्रमुखाचं धैर्य एकाच मापाचं कसं असेल.

सहावी पायरी: जी गोष्ट तालमीत घेणं लोक टाळतात

कुणीतरी कबुली देणार. किंवा दुसऱ्या कुणाबद्दल सांगणार, आणि ते गंभीर असणार. याची तालीम आधी केली नसेल तर तुम्ही गोठता, मी गोठले होते, एका मुलाने भर सेशनमध्ये सांगितलं की आमच्याकडचे एका पेपरचे आकडे खरे नाहीत, आणि मी "अं, चला, ब्रेक घेऊया" म्हणाले. ब्रेकमध्ये तो निघून गेला.

सुरुवातीलाच नियम ठरवून घ्या. चॅटहॅम हाऊस रूल १९२७ पासून चालत आलाय, ऐकलेलं बाहेर वापरता येतं पण कोण बोललं ते सांगायचं नाही, तो बऱ्याच लोकांना माहीत असतो म्हणून सोयीचा पडतो. त्यात दोन गोष्टी जोडा. स्वतःबद्दल बोला, दुसऱ्याचं नाव किंवा ओळखता येईल असं काही नको. आणि "इथे काहीही सांगा, बाहेर जाणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका, कारण तुमच्या संस्थेच्या नियमांनी काही गोष्टी कळवणं तुमच्यावर बंधनकारक असू शकतं, ते आधी शोधून ठेवा. तुम्ही चौकशी अधिकारी नाही. गंभीर काही निघालं तर तिथेच थांबवायचं, "हे तू सांगितलंस ते महत्त्वाचं आहे, आणि यासाठी ही जागा बरोबर नाही, सेशन संपल्यावर मी तुला योग्य माणसापर्यंत पोचवते", आणि तो योग्य माणूस कोण, इंटिग्रिटी ऑफिसर असो, लोकपाल असो की समिती, त्याचा फोन नंबर त्या दिवशी तुमच्या खिशात हवा. हे वाक्य तालमीत मोठ्याने म्हणा, चारदा. नुसतं मनात म्हटलेलं ऐनवेळी तोंडातून निघत नाही.

याच्याच जवळचा प्रश्न म्हणजे गाईड आणि त्यांचे विद्यार्थी एकाच खोलीत. शक्य असेल तर सरळ वेगळे गट करा. नसेल तर निदान छोट्या गटांत एकत्र टाकू नका, आणि गाईडना आधी बाजूला घेऊन विनंती करा की तुम्ही शेवटी बोला. बहुतेकजण आनंदाने ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना बोर्डवर लिहायचं काम द्या, हे थोडं लबाडीचं आहे पण चालतं.

मग खरं सेशन

पहिल्या वेळी एकट्याने घेऊ नका, जोडीने घ्या, एक बोलतो तेव्हा दुसरा खोलीकडे बघतो, कोण कधीपासून गप्प आहे, कुणी मध्येच हात वर करून खाली घेतला. लोक १२ च्या वर असतील तर दोन गट करा. खुर्च्या गोल मांडा, आणि त्यासाठी अर्धा तास लवकर जा कारण खुर्च्या कायम एकमेकींना जोडलेल्याच निघतात. व्यायाम एकच घ्या, फार तर दोन, तीन घेतलेत तर तिन्ही अर्धवट राहतील.

संपल्यावर त्याच दिवशी, घरी जायच्या आत, जोडीदाराबरोबर दहा मिनिटं बसून तीन गोष्टी लिहून काढा: कुठे खोली जागी झाली, कुठे मेली, आणि मी कुठे उत्तर देऊन टाकलं. तिसरी ओळ कधीच रिकामी राहत नाही. व्हर्च्यूच्या कार्यक्रमातही ट्रेनर आधी शिकतात, मग आपल्या जागी जाऊन व्यायाम स्वतः घेऊन बघतात आणि परत एकत्र येऊन काय फसलं ते मांडतात, तसं तुमच्या चार-पाच जणांत करा, महिन्यातून एकदा, पुढच्या वेळी चिठ्ठ्या बदलून. आमच्या गटात हल्ली एक नवी चिठ्ठी आलीय, "सेशनभर लॅपटॉपवर मेल बघत बसायचं". तिच्यावर उपाय अजून सापडलेला नाही, मागच्या तालमीत मी त्या माणसाला "तुमचं काय मत?" विचारलं तर तो म्हणाला, प्रश्न परत सांगता का.